उन्हातले दिवे

१

माझे हात स्वस्थ राहत नाहीत. काही जण याला गुण म्हणत, अन्नपूर्णा खोड म्हणे. धामणगाव बढ्यात माझं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर लोकांची इंजिनं उघडायची आणि ती मिटली की दुकानामागे उभी असलेली स्वतःची जीप उघडून बसायचं, असा माझा दिनक्रम. जीप लष्कराच्या लिलावातून घेतलेली. तिच्यात मूळचं असं फारसं काही मी उरू दिलं नव्हतं.

अन्नपूर्णा माझी बायको. ती रोहिणखेडच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. रोज सकाळी मी तिला जीपने शाळेत सोडायचो आणि ऊन उतरलं की आणायला जायचो. घरात आम्ही दोघंच. घरी ती तिच्या कामात, मी माझ्या. आमचा खरा संसार व्हायचा तो त्या रस्त्यावर. गाडी गावाबाहेर पडली की तिचं तोंड सुरू होई. कुठल्या मुलीने पाढे म्हणताना मध्येच गाणं धरलं, मोठ्या बाई चिडल्या की कशा नाकाने बोलतात, सगळ्यांच्या नकला ती हातवारे करून करायची. इंजिनाच्या आवाजावर तिला ओरडून बोलावं लागे आणि मी निम्मं ऐकत असे. पण ते निम्मं मला दिवसभर पुरायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. नळगंगेवर धरणाचं काम चाललं होतं आणि आमच्या कच्च्या रस्त्यावर दगडमातीचे ट्रक धावू लागले होते. ट्रक गेला की मागे पिठासारखी धूळ उडे आणि ती किती तरी वेळ खाली बसत नसे. एका सकाळी त्या धुळीतून दुसरा ट्रक एकदम समोर आला. मी स्टिअरिंग पिळलं, ट्रक कानाजवळून गेला, आम्ही कपाशीच्या वावरात. अन्नपूर्णेने माझा दंड असा धरला होता की बोटांचे वळ उठले.

"त्याले आपण दिसलोच नाही," ती म्हणाली. मग ती हसायला लागली, पण चेहरा पांढरा पडला होता.

त्याच दिवशी मी ठरवलं, आपली गाडी भर दिवसा दिसली पाहिजे.

२

जीपचे मूळचे दिवे मिणमिणते होते. मी मलकापूरहून दोन नवे दिवे आणले, कोऱ्या खोक्यातले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे पुष्कळांनी मला विचारलं की दिवे कुठल्या मोडक्या गाडीचे होते. ते कुठल्याच गाडीचे नव्हते. मीच त्यांच्यावरचा खोक्यातला भुसा झाडला.

लोखंडी पट्टी वाकवून दोन कोन केले. बंपरला हाताच्या ड्रिलने भोकं पाडली, त्यात घामाघूम झालो. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काचांवर आकाशकंदिलाचा पिवळा कागद खळीने चिकटवला. वायर मी चावीवरूनच घेतली. चावी फिरवली की दिवे लागणार, गाडी बंद केली की विझणार. मध्ये बटण ठेवलंच नाही, कारण बटण ठेवलं असतं तर मी ते लावायला विसरलो असतो. मला माझी चांगली ओळख आहे.

अन्नपूर्णा चहा घेऊन आली आणि उन्हात पेटलेल्या त्या दिव्यांकडे बघत उभी राहिली.

"उन्हात कशाचा उजेड पडते?" तिने विचारलं.

"उजेड पाडायसाठी नाहीतच ते. लोकाइले आपण दिसावं म्हणून हायत."

"मंग मीच बसतो की बॉनेटवर, पिवळं लुगडं नेसून."

मी तिला म्हटलं, तू बसलीस तर ट्रकवाले बघत राहतील आणि अजूनच धडकतील. ती लाजली. इतक्या वर्षांनी लाजली, म्हणून मला ती संध्याकाळ आठवते.

३

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आमच्या गावाच्या टोकाला, रस्त्याला लागून अंबूबाईचं घर आहे. नात्याची नाही, पण सगळं गाव तिला मावशी म्हणतं. ती ओट्यावर तूर पाखडत होती. आमची जीप बघून तिने सूप खाली ठेवलं, पदर पुढे ओढला आणि उठून उभी राहिली. मी हात केला. तिने हात केला नाही.

मी आरशात बघितलं. मावशी तांब्या घेऊन रस्त्यावर आली होती आणि आमच्या मागे, रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, पाण्याची धार ओढत होती.

पुढे विहिरीवरच्या बायका बाजूला सरल्या. बैलगाडीवाल्याने गाडी थेट बांधावर चढवली आणि टोपी काढून काखेत धरली. रोज हात दाखवून "रोहिणखेडपर्यंत घ्या ना भाऊ" म्हणणारे दोघे आज हात मागे बांधून उभे होते.

"काऊन हो, असं काऊन करून राह्यले हे?" अन्नपूर्णा म्हणाली.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कपाळावर हात मारला. आमच्या भागात मोटारी आल्या तेव्हापासून एक रीत पडली आहे. मोठ्या गावच्या दवाखान्यातून एखाद्या माणसाला घरी आणायचं, पण ते माणूस उरलेलं नसलं, तर गाडीवाला भर दिवसा दिवे लावून गाडी आणतो. ते बघून कोणी गाडीला हात करत नाही, कोणी वाट अडवत नाही. पुरुष टोपी काढतात आणि गाडी पुढे गेली की कोणीतरी रस्त्यावर आडवं पाणी टाकतं. ही रीत मला माहीत होती. मी स्वतः टोपी काढून उभा राहिलेला माणूस. पण वायर जोडताना माणसाला वायरच दिसते.

आम्ही दोघं इतके हसलो की गाडी थांबवावी लागली. अन्नपूर्णेच्या डोळ्यांत पाणी आलं. "जा, मावशीले सांगा, मी जित्ती हाव म्हना!" ती म्हणाली.

मी गाडी वळवली. अंबूबाई अजून रस्त्यातच उभी होती. पाण्याची ओली रेघ उन्हात चमकत होती आणि मावशी दोन्ही हात हलवून मला थांब, थांब करत होती. मला वाटलं, घाबरली बिचारी. मी हसत हसत जीप त्या रेघेवरून अलीकडे घेतली आणि तिच्यापाशी थांबलो.

"मावशी, कोणी नाही गेलं. धुळीसाठी लावले दिवे!"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती चाकांकडे बघत होती. चाकांना ओली माती लागली होती.

"पान्यावरून परत आनली काय रे गाडी?" ती म्हणाली, आणि घरात निघून गेली.

४

मोताळ्याकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो त्या फाट्यावर पुंजाजीचं चहाचं दुकान. पुंजाजी म्हातारा, जगाची खबर ठेवणारा. अन्नपूर्णेला शाळेत सोडून परत येताना त्यालाही मी सगळं समजावलं. त्याने मान डोलावली, पण टोपी परत डोक्यावर घातली नाही.

"ते ठीक हाय बाप्पा," तो म्हणाला. "पन अशी गाडी मधी थांबत नसते. अन् थांबली तरी तिच्यातून कोनी उतरत नसते."

"कोण उतरलं?"

"बाई उतरली ना शाळेपाशी. रोहिणखेडचे लोक मघाच सांगून राह्यले मले."

आता यात सांगण्यासारखं काय होतं? ती रोजच उतरायची. मी इंजिन चालू ठेवूनच थांबायचो, त्यामुळे दिवे पेटलेलेच असणार, एवढंच. मी पुंजाजीची थट्टा केली आणि निघालो. लोकांना सवय होईल, असं मी धरून चाललो होतो. सवय कशाचीही होते.

संध्याकाळी तिला आणायला गेलो तेव्हा ती शाळेच्या पायरीवर एकटी बसली होती. नेहमी तिच्याभोवती मुलींचा गोतावळा असे, एक तिची पिशवी धरायची, एक छत्री. आज मुली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या आणि आमच्या गाडीकडे बघत होत्या.

"आज कोणी मले 'बाई' म्हणून हाकच नाही मारली," ती बसता बसता म्हणाली. "हजेरी घेतली तं सगळ्या हजर, पण कोणी बोललं नाही. नुस्त्या हात वर करून राह्यल्या."

"पोरींनी मस्करी केली असंल."

"असंल," ती म्हणाली. आणि मग घरापर्यंत काही बोलली नाही. मीच काहीबाही बोलत होतो. इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलायला किती दम लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

५

त्यानंतरचे दिवस मला नीट वेगळे करता येत नाहीत. थंडी होती, कापूस फुटला होता, सकाळचं ऊन दुधासारखं पातळ पडायचं आणि आमची जीप त्यातून दोन पिवळे दिवे लावून जायची. दोन्ही बाजूंना माणसं उठून उभी राहत. किती शांतपणे उठत! जणू आम्ही त्यांच्या झोपेतून चाललो होतो. मी त्या सगळ्यांना नावानिशी ओळखत होतो, त्यांची इंजिनं दुरुस्त केली होती, आणि तरी त्यांच्यातला एकही जण माझ्याकडे बघत नसे. ते गाडीच्या मागच्या भागाकडे बघत.

एके दिवशी अन्नपूर्णा पुढे बसायच्या ऐवजी मागे चढली. मागे दोन बाजूंना दोन लांब बाकं होती.

"तिकडे काऊन?" मी विचारलं.

"मागं बरं वाटते. हादरे कमी बसतात."

मागे हादरे कमी बसत नाहीत. जास्त बसतात. जीपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर मी स्वतः काम केलेलं आहे, मला कोणी सांगायला नको. पण मी गाडी सुरू केली. तिला बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं. जेवण कमी झालं होतं. घरी एखादं काम हातात घेऊन ती मध्येच थांबायची आणि दाराकडे बघत राहायची, कोणी यायचं असल्यासारखी. मी तिला मोताळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, अशक्तपणा आहे म्हणाले, टॉनिक दिलं. मला फार हायसं वाटलं. अशक्तपणा म्हणजे दुरुस्त होण्यासारखी गोष्ट.

मग मला आरशात दिसलं ते. पुंजाजीच्या फाट्यापाशी वळण आहे, तिथे गाडी अगदी हळू करावी लागते. त्या वळणावर अन्नपूर्णेने पदर गोळा केला, पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर सरकून बसली. आपण एस.टी.त कोणाला जागा करून देतो तशी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तोंड मागे वळवून बघितलं. बाकावर तीच होती, टोकाला. बाकी बाक रिकामं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही."

फाट्यानंतर एक चढ लागतो. तो चढ माझी जीप वरच्या गिअरवर सहज चढायची. कान झाकूनही मी ते सांगू शकलो असतो. त्या दिवशी चढावर इंजिन घोगरं झालं, गाडी मागे ओढली जाऊ लागली, आणि मला खालचा गिअर टाकावा लागला. दुकानात येऊन मी पेट्रोलची नळी साफ केली, प्लग काढून घासले, ब्रेक घट्ट बसलेत का बघितलं. सगळं ठीक होतं. मागचा डावा पाटा मात्र किंचित बसला होता, वजन वाहून वाहून बसतो तसा. अन्नपूर्णा तर पोत्याएवढ्या वजनाची सुद्धा नव्हती हो.

६

त्या संध्याकाळी मी दिवे काढले. वायर चावीपासून उपटली, कोन काढले, दिवे खोक्यात घालून खोकं माळ्यावर टाकलं. बंपरवर फक्त भोकं राहिली. अन्नपूर्णा दारात उभी होती.

"काऊन काढले?" तिने विचारलं.

"धूळ कमी झाली आता."

धूळ कमी झाली नव्हती. पण तिने ते कबूल केलं. हल्ली ती सगळंच कबूल करायची, आणि मला ते सहन होत नव्हतं. मला तिने भांडायला हवं होतं.

सकाळी निघालो तेव्हा मी अगदी मुलासारखा खुशीत होतो. आता बघू, कोण उठतं ते. अंबूबाई ओट्यावर होती. ती उठली. तिने पदर पुढे ओढला. विहिरीवरच्या बायका बाजूला झाल्या. बैलगाडीवाल्याने टोपी काढली.

सवय, मी मनाशी म्हटलं. माणसांना जीप ओळखीची झाली आहे, दिवे असोत नसोत. याला अगदी सरळ कारण आहे. मी हे पुन्हा पुन्हा म्हणत फाट्यापर्यंत आलो. वळणावर आरशात अन्नपूर्णा सरकून बसली. तिला शाळेत सोडलं आणि परत येताना पुंजाजीच्या दुकानासमोर गाडी उभी करून मी खाली उतरलो.

"काका, दिवे काढले मी. पाहा."

पुंजाजीने हातातली किटली खाली ठेवली. तो दुकानातून बाहेर आला नाही.

"चावी बंद कर बाप्पा," तो म्हणाला. "डोये दिपून राह्यले."

मी पुढे जाऊन बंपरकडे बघितलं. भोकं होती. त्यांतून पलीकडची माती दिसत होती. जिथे दिवा होता त्या जागी मी तळहात धरला. लोखंड ऊन लागत होतं. पण गाडी किती तरी वेळ उन्हात होती, ते ऊन लागणारच. मी चावी बंद केली. पुंजाजीने सुस्कारा टाकला आणि टोपी डोक्यावर घातली.

मला तेव्हा भीती वाटली. ती आधीच वाटायला हवी होती, पण मी त्या भीतीला टाळून पुढे जात होतो.

७

मी अंबूबाईकडे गेलो. ती कापसातली सरकी काढत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मावशी, तुम्ही पाणी काऊन टाकता रस्त्यावर?"

"जानाऱ्याले जायाची वाट दिसते," ती म्हणाली. "परतीची दिसू नाही म्हनून."

"आणि मी ते ओलांडून आलो तर?"

तिने हातातली सरकी बाजूला टाकली. "तू तं नुस्ती गाडी परत आनली, लेका. मागून कोन आलं ते त्या गाडीले काय ठाऊक."

"पण आमच्या गाडीत कोणी मेलेलं नव्हतं!"

"नव्हतं. पन दिवे तं लावले ना तुवा? बोलावनं धाडलं, अन् मानूस नाही देलं." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या बोटांना कापसाचे तंतू चिकटले होते. "आतातरी टाकू दे पानी. रोज टाकतो म्हनलं तं तू डोये वटारतोस. घरच्याची मर्जी नसली तं माह्या पान्यानं काय होते."

खरं होतं. त्या पहिल्या दिवसानंतर तिने पुन्हा तांब्या आणला तेव्हा मी तिला ओरडलो होतो. माझी बायको गाडीत बसलेली आणि तिच्या मागे कोणी तसं पाणी टाकायचं? मी आताही नाही म्हणालो. जे पाणी परतीची वाट पुसतं ते अन्नपूर्णेच्या मागे कसं टाकू देऊ? ती संध्याकाळी घरी यायची होती ना.

संध्याकाळी तिला शाळेतून आणलं, दुकान बंद करून घरात शिरलो तर अन्नपूर्णा स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. दोन ताटं वाढलेली. मी हातपाय धुऊन माझ्या पाटावर बसायला गेलो, तशी ती म्हणाली, "थोडे तिकडून बसा."

मी तिकडून बसलो. त्या मोकळ्या पाटासमोरचं ताट तसंच राहिलं, आणि आम्ही दोघं एका ताटात जेवलो. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

८

मी तिच्या भावाला निरोप पाठवला. भगवानराव बीबीला राहतो, तिथल्या बाजारात त्याची धान्याची आडत. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा. तो स्वतःची काळी मोटार घेऊन आला आणि बहिणीकडे बघून त्याचा आवाज एकदम खाली आला.

"भाऊजी, हिला काही दिवस आमच्याकडं न्यावं म्हनतो. आईजवळ राहील. हवापालट होईल."

मला तेच हवं होतं. बीबी लांब, पार लोणारकडे. तिथे हा रस्ता नाही, हा फाटा नाही, माझी जीप नाही. तिथे ती बरी होईल, बोलायला लागेल आणि मग मी जाऊन तिला एस.टी.ने घेऊन येईन. मी तिची पिशवी भरली. ती पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती.

"मी गेलंच पाहिजे काय?" तिने विचारलं.

"बरी होऊन ये."

"हाव," ती म्हणाली.

निघण्यापूर्वी मी भगवानरावाच्या मोटारीसमोर जाऊन दोन्ही दिव्यांच्या काचांवर हात ठेवला. गार होत्या. त्याला बटण दाखवायला लावलं, ते बंद होतं. त्याला वाटलं असेल, मेव्हणा इंजिनवाला आहे, राहवत नाही याला. अन्नपूर्णा मागे बसली, मधोमध, पिशवी पायांशी. मला बरं वाटलं.

मी अंबूबाईच्या घरापर्यंत गाडीबरोबर चालत गेलो. मग गाडीने वेग घेतला. सकाळचं ऊन चांगलं पडलं होतं. धूळ उडाली आणि तिच्यात काळी मोटार लहान लहान होत गेली. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका एकेक करून बाजूला झाल्या. खळ्यावरची माणसं उठली. त्यांच्या टोप्या उतरताना मला इथून दिसल्या.

माझ्या शेजारी अंबूबाई उभी होती. तिने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मी घेतला. नको म्हणायची ताकद माझ्यात राहिली नव्हती, एवढंच. मी तो धरून उभा राहिलो आणि टाकला नाही.

बाभळींच्या वळणावर मोटार थांबली. मग ती वळली आणि परत येऊ लागली.

धुळीतून आधी दिवे दिसले. उन्हातही स्पष्ट दिसले, दोन, शेजारी शेजारी. पुंजाजीला काय दिसलं होतं ते तेव्हा मला कळलं नव्हतं, आता कळलं. माझे डोळे दिपले. गाडी जवळ आली तशी मागची बाजू दिसू लागली. अन्नपूर्णा खिडकीशी बसली होती. मधोमध बसलेली ती आता माझ्या बाजूच्या खिडकीला चिकटून, पदर गोळा करून बसली होती, आणि तिच्या खांद्यापलीकडे, जिथून दुसऱ्या खिडकीचं ऊन दिसायला हवं होतं, तिथे ऊन नव्हतं. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत नव्हतं.

मला ती हवी होती. देवाशपथ सांगतो, मला तीच हवी होती. पण ते घरी यायला नको होतं, तिच्या पाटाशेजारी बसायला नको होतं.

मी रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाणी टाकलं. थेंबसुद्धा ठेवला नाही.

ओल्या रेघेच्या पलीकडे मोटार थांबली. भगवानरावाने डोकं बाहेर काढलं. तो हसत होता.

"भाऊजी, ऐकता का हिचं! वळणावर गेलो न् म्हनती, मला नाही यायचं बीबीला. मला घरीच बरं वाटंल. गाडी फिरव म्हनती. अन् काय बोलून राह्यली, कधीची गप होती ती!"

अन्नपूर्णा माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे अगदी स्वच्छ होते, किती तरी दिवसांनी. तिने रस्त्यावरचं पाणी बघितलं. मग माझ्या हातातला रिकामा तांब्या.

"तुमीच टाकलं?" ती म्हणाली.

मी तांब्या पाठीमागे धरला. अंबूबाई मागे रडत होती.

"बरं," अन्नपूर्णा म्हणाली. रागावली नव्हती ती. मी एखादी वस्तू उघडून ठेवली आणि परत जोडता आली नाही की ती असंच म्हणायची. "चल दादा. फिरव गाडी."

भगवानराव गोंधळला, पण त्याने गाडी फिरवली. वळताना मोटार आडवी झाली आणि मला दोन्ही खिडक्या आरपार दिसल्या. पलीकडच्या खिडकीत नुसतं आभाळ होतं. कापसाचं वावर होतं. मागच्या बाकावर ती एकटी होती.

दिवेही लागलेले नव्हते.

मी धावलो. ओल्या रेघेपर्यंत धावलो आणि तिथे माझे पाय थांबले. का थांबले ते मला आजही सांगता येत नाही. मी तिच्या नावाने हाक मारली. इंजिनाचा आवाज मोठा होता. मागच्या काचेतून मला तिचे हात दिसत होते. ती भावाला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, कोणाची तरी नक्कल करून, आणि बाभळींच्या वळणापर्यंत ती बोलतच होती.